चाकणचे दिवसपाळीचे पतंग

सांगवीहून चाकणला जाण्यास प्रवास म्हणावे की नाही, याबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. माझ्या पत्नीच्या मते जेथे आपलीच भाषा बोलतात, जेथून घरी आणण्यासारखे काही मिळत नाही आणि जेथे जाण्यासाठी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवावी लागत नाही, तेथे जाणे म्हणजे केवळ 'जाऊन येणे'. माझे म्हणणे असे की, मनुष्य ज्या समजुतीने निघतो ती वाटेत हरवून परततो, तेव्हा तो प्रवास समजावा, मग अंतर कितीही असो. मी एक पिशवी, दोन फायली आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन निघालो होतो. पिशवी, फायली व पट्टा परत आले. समजूत आली नाही. सबब हे प्रवासवर्णन.

प्रवाशाची ओळख प्रथम देणे इष्ट. मी एकतीस वर्षे एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. कोण किती वाजता आत आला, कोण किती मिनिटे उशिरा आला, पुढच्या आठवड्यात कोणाला पहिली पाळी आणि कोणाला रात्रपाळी, हे माझ्या तक्त्यावर ठरत असे. निवृत्तीनंतर वेळेवर आणण्यासाठी माणसे उरली नाहीत, तेव्हा मी रस्ते, गटारे, पथदिवे आणि लग्नाच्या वराती यांना शिस्त लावण्याचे काम हाती घेतले. ते मी पत्राने करतो. वकिलीची सनद मजजवळ नाही. मात्र वकिलाला लागतो तेवढा राग आणि त्याला मिळतो त्याहून अधिक वेळ आहे.

मंगळवार : सांगवी ते भोसरी

गणपती उठून चार दिवस झाले होते. सकाळी तानाजीरावांचा फोन आला. तानाजीराव हे भोसरीच्या मूळ घराण्यातले. आमच्या कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये त्यांची हयात गेली.

"साहेब, तुमचा कागद आलाय."

"मी तुम्हाला कोणतेही पत्र लिहिलेले नाही," मी म्हणालो. असे वाक्य मी क्वचितच खरेपणाने उच्चारू शकतो.

"मला न्हाई. पोरीच्या गवतावर लिवलंय तुमी. गुरुवारी मशीन येनार हाय. पोरीची दोन वर्सं कापून न्हेनार. आदी हिकडं या, मग बोलू."

फोन ठेवल्यावर मला सर्व आठवले. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या कारखान्याच्या निवृत्तांचा मेळावा चाकणला झाला होता. मांडवाशेजारी औद्योगिक वसाहतीचा एक मोकळा भूखंड होता आणि त्यावर रान माजले होते. तेथील कुसळे माझ्या नव्या विजारीत इतकी रुतली की मी ती परतीच्या बसमध्ये दापोडीपर्यंत वेचत होतो. घरी येऊन मी वसाहतीच्या कार्यालयास अकरा पानी तक्रार लिहिली. 'सार्वजनिक उपद्रव' हा शब्द तीत सव्वीस वेळा होता. मी नंतर मोजला. दहा महिने उत्तर न आल्याने मी चार स्मरणपत्रे पाठवली. आता कार्यालयाने माझे समाधान करण्याचे ठरवले होते, आणि तानाजीरावांची कन्या रेवती त्याच भूखंडावर दोन वर्षे पतंगांचा अभ्यास करीत होती.

भोसरीला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. सांगवीत ओळखीचा माणूस भेटला की "काय, बरं आहे ना?" असे विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातात. भोसरीत "कोणती पाळी?" असे विचारतात आणि उत्तर लक्षपूर्वक ऐकतात, कारण त्यावर समोरच्याला चहा द्यायचा की जेवण की झोपू द्यायचे, हे अवलंबून असते. प्रस्तुत प्रवाशाला गल्लीच्या तोंडाशी एका अनोळखी वर्कशॉपवाल्याने हाच प्रश्न केला. "निवृत्त," असे मी म्हटल्यावर तो "म्हंजे जनरल," असे म्हणून, मला कायमच्या दिवसपाळीत टाकून, पुन्हा लेथकडे वळला.

तानाजीरावांच्या घरी जेवणाला मासवडी आणि रस्सा होता. मासवडीत मासा नसतो, डाळीचे पीठ असते, तीळ-खोबऱ्याचे सारण असते. आणि रश्श्यात काय असते ते मला सांगता येणार नाही, कारण पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. नेमके त्याच वेळी रेवती आपल्या दोन वर्षांच्या कामाबद्दल सांगत होती. घरातल्या मंडळींनी माझ्या अश्रूंचा अर्थ पश्चात्ताप असा लावला. मी दुरुस्ती सुचवली नाही.

रेवती तिशीची, उन्हाने रापलेली, विद्यापीठात संशोधन करणारी मुलगी. तिने माझ्यावर राग धरला नव्हता, आणि तेच मला अधिक लागले. राग हे माझे क्षेत्र आहे. त्यात मला उत्तर देता येते.

"काका, पतंग म्हटलं की लोकांना दिव्याभोवती फिरणारा आठवतो," ती म्हणाली. "पण कितीतरी पतंग भर दुपारी उडतात. माझा असाच आहे. काळा, पोटावर पिवळे पट्टे, पंखांत काचेच्या खिडक्या. गांधीलमाशी समजून लोक बाजूला होतात."

"हे नियमाविरुद्ध नव्हे काय?" मी विचारले. "पतंग हा प्राणी रात्रीचा."

"नियम त्यांनी कितीदा तरी मोडलाय. पतंगांच्या वेगवेगळ्या घराण्यांनी एकमेकांना न विचारता, आपापला, रात्र सोडून दिवस धरलाय. फुलपाखरं तरी कोण? पतंगांच्याच वंशातली एक शाखा, फार पूर्वी दिवसाला गेलेली."

"म्हणजे फुलपाखरू हा कायमचा जनरल शिफ्टला लागलेला पतंग."

"अगदी!" ती हसली. मला तेवढ्यानेही बरे वाटले.

तानाजीराव इतका वेळ भाकरी कुस्करत होते. ते म्हणाले, "ही ल्हान व्हती तवा दोन वर्सं मी सायबांकडं दिवसपाळी मागत व्हतो. हिची आय आजारी. सायेब म्हनायचे, अर्ज करा. अर्ज केला की म्हनायचे, तक्त्यात बसत न्हाई. या पतंगानं बगा, बिनअर्जाची घेतली."

यावर मी रस्सा वाढून घेतला. तोंड भाजलेल्या मनुष्यास उत्तर देणे बंधनकारक नसते.

जेवणानंतर रेवतीने मला तिचे काम समजावले, आणि येथे मी कबूल करतो की, आयुष्यात प्रथमच मला जीवशास्त्र समजले. दिवसाला उडणाऱ्या पतंगाच्या आणि रात्रीला उडणाऱ्या त्याच्या चुलत भावाच्या डोक्यात घड्याळ साधारण सारखेच असते. दिवस-रात्र मोजणारी जनुकेही तीच. मग एकाला दुपारी जाग येते आणि दुसऱ्याला मध्यरात्री, हे कसे? घड्याळ तेच असेल, तर भोंग्याची वेळ कोणी बदलली? एखाद्या जनुकाने बदलली, की त्यासाठी अनेक खात्यांच्या सह्या लागल्या? हे शोधण्यासाठी ती दोन्ही पतंग दुपारी बारा आणि रात्री बारा अशा दोन वेळांना पकडते, त्यांची डोकी तत्क्षणी औषधात बुडवते आणि मग प्रयोगशाळेत पाहते की, त्या क्षणाला मेंदूतली कोणती जनुके काम करीत होती आणि कोणती स्वस्थ होती.

"हा हजेरीपट आहे!" मी ओरडलो. तानाजीरावांच्या सूनबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या.

"हजेरीपटच," रेवती म्हणाली. "रात्रवाल्यात वासाचं खातं जास्त कामाला लागतं आणि दिवसवाल्यात नजरेचं, असा माझा अंदाज आहे. पण नुसता अंदाज. चुलत भावाचे दोन्ही वेळचे नमुने झालेत. माझ्या पतंगाचे रात्रीचे झालेत. दुपारचे गेल्या वर्षी फ्रीजर बंद पडून वाया गेले. आता त्यांचे कोष तिथेच, पाचोळ्यात आहेत. पंधरा दिवसांत बहुतेक सगळे बाहेर पडतील."

"दुसऱ्या ठिकाणचे पतंग घेता येणार नाहीत?"

"रात्रीचे चाकणचे आणि दुपारचे भलत्याच गावचे घेतले, तर दिसलेला फरक पाळीचा की गावाचा, हे कसं ठरवू?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. मी उभा राहिलो, गुडघ्यात कळ आल्याने पुन्हा बसलो, आणि बसूनच जाहीर केले की, उद्या चाकणला जाऊन मी तक्रार मागे घेईन. ज्याने लिहिले तो ते पुसू शकतो. एवढे कायद्याचे ज्ञान मला होते.

बुधवार : चाकण, वसाहतीचे कार्यालय

रात्री तानाजीरावांकडेच राहून सकाळी त्यांच्या स्कूटरवरून निघालो. मोशी ओलांडली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, आणि मग रस्त्यावर आमच्याखेरीज सर्व काही अजस्र होते. नव्या मोटारी पाठीवर घेतलेल्या दुमजली गाड्या आणि चाळीस चाकी ट्रेलर यांच्या मधून तानाजीराव ज्या निर्धास्तपणे स्कूटर काढीत होते, ते पाहून मी डोळे मिटले. या भागाच्या निसर्गसौंदर्याबद्दल म्हणूनच मला फारसे लिहिता येत नाही.

कार्यालयातील लिपिक बाईंनी माझे नाव ऐकताच चष्मा काढून पुसला व पुन्हा लावला. "तुम्ही ते?" त्या म्हणाल्या, आणि आतल्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या. हा माझ्या कीर्तीचा भाग मला आवडला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मी तक्रार मागे घेण्याचा अर्ज पुढे केला. बाईंनी तो वाचला, कपाटातून माझी फाईल काढली आणि नेमके पान उघडले. त्यांना पान शोधावे लागले नाही.

"काका, कलम नऊ. वाचू?" आणि त्यांनी वाचले: "'सदर तक्रार माझ्या नावाने, माझ्या कुटुंबीयांकडून अथवा प्रत्यक्ष माझ्याकडून मागे घेतली गेल्यास, ती दबावाखाली मागे घेतली असे समजण्यात यावे आणि अशा माघारीचा विचार न करता कार्यवाही पूर्ण करावी.'"

हे कलम माझे होते. त्यामागे इतिहास आहे. वरच्या मजल्यावरील गळतीबद्दल मी केलेली एक तक्रार माझ्या पत्नीने, वरच्यांकडून हळदीकुंकवाचे बोलावणे आल्यामुळे, फोनवरून परस्पर मागे घेतली होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक तक्रारीत कलम नऊ असते. पत्नीचा बंदोबस्त करताना मी स्वतःचाही केला होता.

"पण मी स्वेच्छेने मागे घेत आहे!"

"दबाव असलेला माणूस असंच म्हणतो, हेही तुम्हीच पुढं लिहिलंय." त्यांनी बोट ठेवले. खरोखरच लिहिले होते. "साहेबांनी एकदा फाईल बंद करायची म्हटली होती. तेव्हा तुमचं तिसरं स्मरणपत्र आलं. त्यात तुम्ही साहेबांना वैयक्तिक जबाबदार धरणार होता."

"तुमच्याकडे एखादा माणूस आपले मत बदलू शकत नाही काय?" मी गरजलो.

"बदलू शकतो की. तुम्ही बदलू शकत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी मला चहा मागवला.

चहा चांगला होता. मी तो पूर्ण रागात प्यालो आणि पुढची कलमे न वाचताच बाहेर पडलो. तानाजीराव बाहेर स्कूटरवर बसून होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि स्कूटर वळवली. माझ्या तक्त्यासमोर त्यांनी दोन वर्षे उभे राहून काढली होती. 'बसत नाही' असे सांगितलेल्या माणसाचा चेहरा त्यांना ओळखता येत होता.

गुरुवार : चाकण, भूखंड

"काका, तुम्ही येऊ नका, मी बोलते त्यांच्याशी," रेवती सकाळी म्हणाली. तिचे ऐकले असते तर हे प्रवासवर्णन येथेच संपले असते. परंतु तक्रारदाराने स्वतः यंत्रासमोर उभे राहण्यात एक नैतिक भव्यता आहे, असे मला रात्रभर वाटत आले होते. मी इस्त्रीचा सदरा घातला.

साडेदहाला आम्ही तिघे भूखंडावर पोहोचलो. तानाजीराव रस्त्याकडेला स्कूटरपाशी थांबले. चारी बाजूंना कारखान्यांचे निळे पत्रे आणि मध्ये हे कमरेइतके हिरवे रान. रेवती पाचोळ्यात वाकून पाहत होती. मी माझी फाईल उघडून उभा होतो, तोच एक लहानसा काळा जीव फाईलच्या पानावर येऊन बसला. पोटावर पिवळे पट्टे होते. पंखांतल्या खिडक्यांतून मला माझेच अक्षर दिसत होते. मी हात मागे घेतला नाही. गांधीलमाशी नव्हे, हे मला आता माहीत होते, आणि माहीत असणे किती मोलाचे असते, हे मला त्या वयात त्या जागी कळले. थोड्या वेळाने तो उठला आणि रणरणत्या उन्हात, काहीही न लपवता, सावकाश निघून गेला. रात्रीच्या वटवाघळांना टाळून तो दिवसाला आला असेल, असे रेवतीने सांगितले होते. आता पक्ष्यांना टाळण्यासाठी त्याने अंगावर पिवळा इशारा लिहून घेतला होता. माझ्या अकरा पानांपेक्षा तो थोडक्यात होता.

"वेळ?" रेवतीने विचारले.

"दहा अडतीस," मी म्हणालो. मनगटाकडे पाहण्याची मला गरज पडली नाही असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु मी पाहिले होते.

तेवढ्यात टेम्पो आला. त्यातून गवत कापणारी दोन यंत्रे, दोन कामगार आणि माधव नावाचा ठेकेदाराचा सुपरवायझर उतरला. माधव लातूरकडचा, गोल चेहऱ्याचा, हसतमुख मनुष्य. मी यंत्रासमोर जाऊन उभा राहिलो आणि माझे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, उच्चारले.

त्याचा चेहरा उजळला. "तक्रारदार तुम्हीच का काका? लई बरं झालं आलात! सोमवारपासून रोज येऊन माघारी जायलोय. तुमच्याबिगर हात लावता येईना की हो!"

"म्हणजे?"

"कलम अकरा." त्याने आदेशाची प्रत दाखवली. "'संपूर्ण कटाई तक्रारदाराच्या समक्ष करावी, तक्रारदाराच्या गैरहजेरीत केलेले काम ग्राह्य धरले जाणार नाही.' तुमीच लिवलंय न्हवं? चला रं पोरांनो, काका आलेत!"

यंत्र सुरू झाले. कोपऱ्यातली हातभर झुडपे माझ्या डोळ्यांदेखत आडवी झाली. भूखंडाला आतापर्यंत फक्त माझ्या गैरहजेरीने वाचवले होते, आणि तो वाचवण्यासाठी मी इस्त्री करून हजर झालो होतो.

रेवती माझ्याकडे पाहत होती. तिने फक्त रस्त्याकडे बोट केले.

मी पळालो. माझे वय, माझा गुडघा आणि माझी प्रतिष्ठा यांपैकी एकाचीही संमती नव्हती. "तानाजीराव, स्कूटर!" असे मी ओरडल्याचे मला नंतर सांगण्यात आले. मागून माधव ओरडत होता, "अहो काका, थांबा! सही ऱ्हायली!" आणि त्याच वेळी कामगारांना, "बंद कर, बंद कर, काका चाललेत!"

"सायेब," तानाजीराव स्कूटरला किक मारताना म्हणाले, "उभ्या जल्मात तुमी पयल्यांदाच चालू पाळीतनं पळताय. गच धरा."

आम्ही निसटलो असतो, परंतु हे चाकण आहे. तळेगाव चौकात कंटेनर, बस, रिक्षा आणि ऊस नेणारी एक बैलगाडी अशी सर्व वाहने एकमेकांत गुंतून स्थिर झाली होती. पाच मिनिटांत माधवची मोटारसायकल आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. पळणारा आणि पाठलाग करणारा शेजारीशेजारी, दोघांचेही पाय जमिनीवर. भोवती हॉर्न वाजत होते.

"काका, काय झालं वो? इतकं तरास घेऊन तक्रार केली अन् आता पळायलात?"

"मी येथे आहे," मी धापा टाकीत म्हणालो. "भूखंड तेथे आहे. सबब मी समक्ष नाही."

"ते कळलं. पर का?"

मग मी त्याला सांगितले. हॉर्नच्या गदारोळात, ओरडून, दिवसपाळीच्या पतंगाबद्दल, त्याच्या रात्रपाळीच्या चुलत भावाबद्दल, डोक्यातल्या घड्याळाबद्दल आणि दुपारी बाराच्या हजेरीपटाबद्दल. कंटेनरचा ड्रायव्हर खिडकीतून ऐकत होता. सांगताना माझ्या लक्षात आले की, मी आयुष्यात प्रथमच एखाद्याची बाजू मांडत आहे आणि ती माझी नाही.

माधवने मोटारसायकल बंद केली. "माझं बी तसंच हाय बगा," तो म्हणाला. "मी नऊ वर्सं रात्रपाळी केली. अजून रात्री डोळा लागत न्हाई. ह्या पतंगांनी डोक्यातलं कसं बदललं, ते ताईंना घावलं तर मला बी सांगा म्हनावं."

"पोरगी पतंगाचं बगती, भावा," तानाजीराव म्हणाले. "मान्साचं न्हाई."

"व्हय की. पर कुनीतरी बगतंय, एवढं बी लई झालं." त्याने खिशातून नोंदवही काढून पेट्रोलच्या टाकीवर ठेवली. "काका, नियम असा हाय. तीन येळा तक्रारदार आला न्हाई, तर प्रकरण बंद. दर आठवड्याला एकदा बोलवनं येतं. सोमवारपासून आमीच लवकर येत हुतो, ते धरत न्हाईत. आज पयली लिवू का?"

त्याने माझ्या नावापुढे मोठ्या अक्षरात 'गैरहजर' लिहिले. हा शब्द मी हजारो माणसांच्या नावांपुढे लिहिला होता. तुंबलेल्या रस्त्यात, स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून मी तो आपल्या नावापुढे पाहिला आणि शुद्धलेखन तपासले. बरोबर होते. तानाजीरावांनीही मान वळवून तो वाचला. पुढे भोसरीपर्यंत त्यांची पाठ मधून मधून हलत होती, आणि ती हसण्यानेच हलत असावी, असे मी धरून चालतो.

त्यानंतर

पुढील दोन्ही बोलावण्यांना मी सांगवीत, माझ्या खुर्चीत, काटेकोरपणे गैरहजर राहिलो. दोन्ही दिवशी सकाळी दहापासून दोनपर्यंत मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले नाही. पत्नीने भाजी आणायला सांगितली, तेव्हा "मी गैरहजर राहण्यात गुंतलो आहे," असे सांगितल्याने घरात जे घडले, ते या वर्णनाच्या कक्षेबाहेर आहे.

रेवतीचा फोन दर दुपारी येत असे. कोष फुटत होते. नळ्या भरत होत्या. शेवटच्या दिवशी ती फक्त एवढेच म्हणाली, "काका, झालं. दुपार पूर्ण झाली."

तिचे निष्कर्ष काय निघतील ते तिलाही अजून ठाऊक नाही. जनुकांची हजेरी मोजण्यास महिने लागतात, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच नोंद पुन्हा घ्यावी लागेल. त्यासाठी तो भूखंड तसाच राहायला हवा.

गेल्या आठवड्यात कार्यालयाचे पत्र आले. 'तक्रारदार सलग तीन वेळा गैरहजर राहिल्याने, त्यांस प्रस्तुत विषयात स्वारस्य नाही असे मानून प्रकरण बंद करण्यात येत आहे. त्यांनी स्वारस्य लेखी कळवल्यास ते पुन्हा उघडण्यात येईल.'

मी ताबडतोब कागद घेतला. या भूखंडाबद्दल, त्यावरील प्रत्येक झुडपाबद्दल आणि पाचोळ्यातील प्रत्येक कोषाबद्दल मला जितके स्वारस्य आहे, तितके आजवर कशाबद्दलही नव्हते, असे मी सात पाने लिहिले. पाकीट बंद केले. तिकीट लावले.

ते पाकीट माझ्यापुढे टेबलावर आहे. टाकले, तर प्रकरण पुन्हा उघडेल आणि माधवला यंत्र घेऊन यावे लागेल. म्हणून माझ्याबद्दल धादांत खोटे असलेले ते एक वाक्य मी सरकारी दप्तरात तसेच राहू देत आहे.